अमेरिकेत घटनेने दिलेले हक्क राज्य सरकारांवर पूर्वीपासूनच बंधनकारक होते का?

नाही. १७९१ मध्ये घटनेला जोडलेल्या पहिल्या दहा दुरुस्त्या, ज्यांना हक्कांची सनद म्हणतात, त्या फक्त केंद्र सरकारला वेसण घालण्यासाठी होत्या. बाल्टिमोर शहराने रस्तेबांधणीसाठी ओढ्यांचे प्रवाह वळवल्यामुळे बॅरन नावाच्या व्यावसायिकाच्या धक्क्याजवळ गाळ साचला आणि तिथे मोठी जहाजे लागेनाशी झाली. सरकारने खाजगी मालमत्ता घेतल्यास भरपाई द्यावी, असे सांगणाऱ्या पाचव्या दुरुस्तीच्या आधारे त्याने भरपाई मागितली, तेव्हा ही दुरुस्ती राज्यांना लागूच होत नाही, असा निकाल १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये आलेल्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण नाकारण्यास राज्यांना मनाई केली. तरीही सनदेतील बहुतेक हक्क राज्यांवर बंधनकारक ठरले ते विसाव्या शतकात, तेही एकगठ्ठा नव्हे, तर एकेका खटल्यातून.

कागदावरचा हक्क अंमलात आणणे ही मात्र वेगळीच लढाई होती. १९५७ मध्ये आर्कान्सॉचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून राज्याचे नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल उभे केले. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच दल केंद्राच्या ताब्यात घेऊन शिवाय लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली आणि ती मुले सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. ‘राज्यांचे अधिकार’ हा, म्हणजे राज्यांच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये असा, युक्तिवाद तत्त्व म्हणून गैर नाही, पण दक्षिणेत तो बहुतांशी वर्णभेदाची ढाल म्हणूनच वापरला गेला, असे माझे मत आहे.