“मी बायकोला शिकवतोय”

प्रवेशाचे दिवस सरले की दोनेक महिन्यांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी एका ठरावीक तऱ्हेची जोडपी येऊ लागतात. बायकोने पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा कॉलेजात नाव घातलेलं असतं, क्वचित नवऱ्याने. घरात कुणाचाच विरोध नसतो, फीही वेळेवर भरलेली असते. तरी दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. “सगळं करतोय हो मॅडम, तरी हिचं तोंड फुगलेलंच,” हे वाक्य तर आता मला पाठ झालंय.

अशा बऱ्याच जोडप्यांपैकी एकाची ही गोष्ट. नावं अर्थातच बदलली आहेत.

मीनल त्रेचाळीस वर्षांची. राहायला बडोद्यात, दांडिया बाजारात. बी. ए. झाल्या झाल्या लग्न, मग मुलगा, सासूबाईंचं आजारपण, घरी शिकवण्या. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि तिने सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश घेतला. हेमंत नोकरी सांभाळून सकाळचा चहा करतो, कुकर लावतो, ती थकलेली असली तर बाहेरून पोळ्या आणतो. पहिल्याच भेटीत तो कौतुकाने म्हणाला, “आमच्या सोसायटीत मी एकटाच आहे, जो बायकोला शिकवतोय.”

मीनलने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. मी ते पाहून ठेवलं.

पुढच्या दोन-तीन भेटींत तक्रारी ऐकल्या. तो रोज विचारतो, “आज काय शिकवलं?” टीव्ही लावला की म्हणतो, “अभ्यास झाला वाटतं.” आणि ती? एकदा माझ्यासमोरच तिने त्याला विचारलं, “उद्या हंसा मेहता लायब्ररीत सहापर्यंत थांबू का?” त्यानेही मोठ्या मनाने “थांब की,” म्हटलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्या बाईंच्या नावाची ती लायब्ररी, त्या 1949 साली याच विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि तिथे बसायला त्रेचाळीस वर्षांची बाई घरी परवानगी मागते! मी मात्र गप्प बसले. ज्या पठडीत मी शिकले, तिथे दोन माणसं काय बोलतात यापेक्षा कोण होऊन बोलतात हे ऐकायची सवय लावतात. इथे एक बाप बोलत होता आणि एक मुलगी. नवरा-बायको खोलीत नव्हतेच.

चौथ्या भेटीला विषय निघाला गौरी-गणपतीनंतर झालेल्या टेस्टचा. हेमंतचं म्हणणं, पेपर अजून तपासलेच नाहीत. मीनल खाली बघत होती.

“मिळालाय पेपर,” ती म्हणाली. “पंधरा दिवस झाले.”

“मग आहे कुठे?”

“स्वयंपाकघरात. फडताळात डब्यांखाली रद्दी अंथरलीय ना, तिच्याखाली. भाजणीच्या डब्याच्या बाजूला. पन्नासपैकी सतरा.”

हेमंत आधी हसला. “अगं, आपल्या चिरंजीवांनी नववीत असाच गादीखाली...” एवढं बोलला आणि थांबला. खाली रस्त्यावर एक रिक्षा वळण घेता घेता बंद पडली होती. ती सुरू होईपर्यंत आम्ही तिघंही बोललो नाही.

“मी काय हिचा बाप आहे का?” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

हे वाक्य तीन भेटी माझ्या जिभेवर होतं. मी बोलले असते तर तो आरोप ठरला असता आणि हेमंतने चहा-कुकरची यादी पुढे केली असती. थांबता येणं हे आमच्या कामातलं निम्मं कसब आहे, आणि ते मला जमतं, असं त्या दिवशी वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी जाताना एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. आपल्या मराठीत ‘शिकवणं’ म्हणजे शिक्षणाचा खर्च उचलणंही: भावाला शिकवलं, मुलीला शिकवलं. विद्यार्थी म्हणजे लहान, आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी मोठं, हे आपण धरूनच चालतो. 1906 साली सयाजीराव महाराजांनी आपल्या बडोदा संस्थानात सगळीकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकांना होई. त्या वयाला ते योग्यच. पण मोठ्या माणसाने वही उघडली की घराला दुसरा साचाच सापडत नाही. कुणीतरी आपोआप पालक होतो आणि शिकणाराही मुकाट्याने मूल होतो. हेमंत वाईट वागत नव्हता. तो चांगला बाप होत होता, अडचण तिथेच होती.

मग बदल केले ते अगदी साधे. फी हेमंतच्या खात्यातून जायची, ती घरखर्चाच्या खात्यातून जाऊ लागली, ज्यात मीनलच्या शिकवण्यांचे पैसेही पडतात. “थांबू का?” ऐवजी “सहाला येईन.” मीनलला हे जड गेलं. पहिल्या आठवड्यात ती “येईन” म्हणून पुढे “चालेल ना?” जोडायचीच. आणि हेमंतने मार्क विचारायचे नाहीत. “मग बोलायचं काय?” त्याने खरोखरच विचारलं. मी म्हटलं, ऑफिसातून आलेल्या मित्राशी काय बोलता? तेच.

सतरा मार्कांचंही बघायला हवं होतं. तिला विषय कळत होता, पण तीन तास सलग लिहायची सवय वीस वर्षांत गेली होती. शेवटचे दोन प्रश्न राहिले ते बोटं आखडल्यामुळे. परत शिकायला लागणाऱ्या बहुतेकांना वाटतं आपली बुद्धी गंजली. बऱ्याचदा गंजलेला असतो हात, आणि इंग्रजी वाचायचा वेग. रोज तासभर पुस्तक मिटून, आठवून, पेनाने लिहा. धडा चारदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून मिटून लिहिलेला जास्त टिकतो. हे तुमच्या मुलांनाही सांगा, मात्र ती ऐकतील याची हमी मी देत नाही.

सेमिस्टरची परीक्षा झाल्यावर मीनल एकटीच आली. “किती...” माझ्या तोंडातून निघणारच होतं. तोंडावर आवर घातला आणि विचारलं, “हात कसा आहे?”

तिने उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. पेन टेकतो तिथे छोटासा घट्टा पडला होता.

“हेमंत म्हणतो, त्याच्या बोटावरचा कधीच गेला,” ती म्हणाली.