स्लँटला उशीर का होतो आणि रिसीव्हरने उभं राहायचं कुठे?

या वेळी आलेली पत्रं बहुतेक अमेरिकन फुटबॉलच्या आखूड पासांबद्दल आहेत. त्यांतले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मुलगा हायस्कूलच्या ज्युनिअर व्हर्सिटी संघात वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) आहे. पळण्यात संघातल्या कुणालाही ऐकत नाही, पण स्लँट रूटवर (थोडं सरळ पळून तिरकं आत वळायची ठरलेली वाट) कॉर्नरबॅक, म्हणजे त्याच्या समोरचा बचावपटू, दर वेळी त्याच्या आधी बॉलपाशी पोचतो. कोच म्हणतात, ब्रेक, म्हणजे वळण, उशिरा होतोय. घरी सराव करून घेता येईल का? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर: नक्की येईल, आणि त्यासाठी बॉलसुद्धा लागणार नाही. आधी सामन्याच्या व्हिडिओत स्नॅपच्या (सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, बॉल मागे देऊन चाल सुरू करतो तो क्षण) ऐन आधीचं चित्र थांबवा आणि मुलाचा कोणता पाय पुढे आहे ते बघा. स्लँट तीन पावलांचा रूट आहे. आतला पाय, म्हणजे बॉलच्या बाजूचा, पुढे असेल तर पहिलं पाऊल बाहेरच्या पायाचं पडतं, दुसरं आतल्या आणि तिसरं पुन्हा बाहेरच्या. या तिसऱ्या पावलावर बाहेरचा पाय रोवून आत वळायचं. बाहेरचा पाय पुढे ठेवून उभा राहिला की तिसरं पाऊल आतल्या पायाचं येतं. त्यावरून आत वळता येत नाही, म्हणून तो नकळत चौथं पाऊल टाकतो. कोचना दिसणारा उशीर बहुधा हाच.

दुसरी चूक स्नॅपच्या क्षणी होते. पुढचा पाय जागचा उचलून किंचित मागे घ्यायचा आणि मग पळायला लागायचं, अशी सवय पुष्कळ मुलांना असते. पावलं मोजताना हे पाऊल धरलं जात नाही, पण वेळ तेवढाच खातं. यावर उपाय असा की वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर ठेवायचं, मागची टाच उचललेली ठेवायची आणि स्नॅपला पुढच्या पायानेच जमीन मागे ढकलायची. पुढच्या बुटाखाली कागद ठेवून बघा. पाय मागे सरकला तर कागदही सरकतो.

आता वळण. बाहेरचा पाय कमरेच्या थोडासाच बाहेर पडला पाहिजे. तो फार लांब टाकला तर शरीर थांबतं आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. वळल्यावर साधारण 45 अंशांनी आत जायचं. यापेक्षा आडवं गेलं तर लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतला बचावपटू) अंगावर जाऊन पडतो, उभं गेलं तर सेफ्टीच्या (सगळ्यांत मागचा बचावपटू) तावडीत सापडतो. गोल वळसा घेणं सगळ्यांत वाईट, कारण त्यात कॉर्नरला आतून पुढे घुसायला वाट मिळते. वळता वळताच मान क्वार्टरबॅककडे (पास फेकणारा) वळलेली हवी आणि हात वर आलेले हवेत. शॉटगनमधून, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहून, खेळताना बॉल हातात येताच एक पाऊल जुळवून क्वार्टरबॅक पास सोडतो; सेंटरच्या अगदी मागून असेल तर तीन पावलं मागे येऊन. रिसीव्हरने वळल्यावर बॉल शोधायला सुरुवात केली तर तो तोवर छातीवर आदळलेला असतो.

हे सगळं कॉर्नर सहा-सात यार्ड मागे उभा असतानाचं. तो हाताच्या अंतरावर प्रेसमध्ये असेल तर पावलं मोजणं सोडून द्यावं. तिथे आधी बाहेर जोरदार हूल द्यायची, त्याची कंबर बाहेर वळली की त्याचा हात झटकून त्याच्या आतून निघायचं. कॉर्नर मुळातच आतल्या बाजूला ठाण मांडून असेल तर बरेच संघ स्लँट बदलून फेड (बाहेरून सरळ खोल पळणं) किंवा हिच (थोडं पुढे जाऊन थांबून मागे वळणं) करतात. तुमच्या मुलाच्या संघात तसा नियम आहे का, हे त्याने कोचना विचारून घ्यावं. आपल्या मनाने रूट बदलला तर पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडण्याची भीती असते.

प्रश्न: एकच रिसीव्हर कधी साइडलाइनजवळ, तर कधी टॅकलपासून (लाइनवरचा कडेचा अडवणारा खेळाडू) चार पावलांवर उभा दिसतो. यामागे काही नियम आहे की प्रत्येक संघाची आपली रीत?

उत्तर: साधा हिशेब आहे: ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूला जागा ठेवून उभं राहायचं. स्लँट किंवा डिगसाठी (सरळ पुढे जाऊन आडवं आत वळणं) आत मोकळं रान हवं, म्हणून रिसीव्हर बाहेर, मैदानावर रंगवलेल्या आकड्यांच्या आसपास उभा राहतो. आउट रूटसाठी (बाहेर, साइडलाइनकडे वळणं) तो तीन-चार यार्ड आत सरकतो. आकड्यांच्या बाहेर उभं राहून पाच यार्डांचा आउट पळाला तर दोन पावलांत साइडलाइन येते आणि कॉर्नरला नुसतं बाहेरच्या बाजूला उभं राहिलं तरी पुरतं. अर्थात बचाव करणाऱ्यांनाही हा हिशेब पाठ असतो. म्हणून चांगले संघ आत सरकलेल्या रिसीव्हरला मधूनमधून मुद्दाम आतला रूट देतात.

याला जोडून हॅश मार्कांचं, म्हणजे मैदानावरच्या आखूड खुणांच्या दोन रांगांचं, गणित येतं; प्रत्येक चालीच्या सुरुवातीला बॉल या रांगांवर किंवा त्यांच्या मध्ये ठेवतात. मैदानाची रुंदी 53⅓ यार्ड. हायस्कूलच्या मैदानावर हॅश त्याचे तीन समान भाग करतात. म्हणजे बॉल डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे जेमतेम 18 यार्ड उरतात आणि उजवीकडे साडेपस्तीस. आता उजवीकडचा रिसीव्हर आकड्यांजवळून पाच यार्डांचा आउट पळाला आणि साइडलाइनच्या चार-पाच यार्ड अलीकडे पास घेणार असेल, तर बॉलला हवेतून सुमारे 32 यार्ड जावं लागतं. मिळकत पाच यार्डांची! सोळा वर्षांच्या मुलाचा पास तिथे पोचेपर्यंत कॉर्नर झडप घालून पार पळून गेलेला असतो. म्हणून हायस्कूलमध्ये आउट अरुंद बाजूला आणि स्लँट, हिच रुंद बाजूला, ही वाटणी शहाणपणाची. एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) दोन हॅशमधलं अंतर फक्त साडेअठरा फूट असल्याने तिथे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच पडतात. टीव्हीवर पाहिलेली प्रत्येक चाल शाळेच्या मैदानावर चालत नाही, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

नियमाचं म्हणाल तर लाइन ऑफ स्क्रिमेजवर (चाल सुरू होते ती बॉलच्या पातळीवरची आडवी रेषा) दोन्ही टोकांना जे उभे असतात तेच, आणि लाइनच्या मागे असलेले खेळाडू, एवढ्यांनाच पास घेता येतो. टायट एंड (टॅकलला लागून उभा राहणारा रिसीव्हर) लाइनवर असताना त्याच्याच बाजूचा फ्लँकर (लाइनच्या मागे उभा राहणारा बाहेरचा रिसीव्हर) चुकून पाऊलभर पुढे, लाइनवर आला तर टायट एंड झाकला जातो. मग तो पास घ्यायला पुढे पळाला की पाच यार्डांचा दंड. रिसीव्हर स्नॅपआधी साइडलाइनवरच्या पंचाकडे हात करून बघतात ते आपण लाइनवर आहोत की मागे, हे पक्कं करून घेण्यासाठी.

प्रश्न: 2015 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटलने गोल लाइनपासून एका यार्डावरून स्लँट टाकला आणि सामना घालवला. पळत जायला हवं होतं, असं सगळे म्हणतात. तुमचं मत?

उत्तर: पळावं की फेकावं हा वाद बाजूला ठेवून जागा बघा, जास्त शिकायला मिळतं. 1 फेब्रुवारी 2015, स्कोअर 28-24, सिअ‍ॅटल मागे, दुसरा डाउन (चारपैकी दुसरा प्रयत्न), 26 सेकंद शिल्लक. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक: पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. बेत असा की कर्सने पुढे घुसून बचावाच्या वाटेत गर्दी करायची आणि तिच्या मागून लॉकेटने आत वळायचं. एनएफएलमध्ये लाइनपासून एक यार्डाच्या आत असा अडथळा चालतो, त्यामुळे नियमात काही खोट नव्हती.

ही रचना एकाच गोष्टीवर उभी असते: पुढचा माणूस जागचा हलला पाहिजे. प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला लाइनवरच दोन्ही हातांनी थोपवून धरलं. गर्दी झालीच नाही आणि मागे उभ्या असलेल्या माल्कम बटलरला सरळ वाट मिळाली. लॉकेट वळला त्याच क्षणी बटलरही निघाला आणि क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा पास त्याने लॉकेटच्या पुढ्यातून उचलला. शिवाय गोल लाइनवर मागे खोल जागाच नसते, त्यामुळे लांब पासाची धास्ती बटलरला नव्हतीच. मधल्या मैदानात हाच कॉर्नर इतक्या बिनधास्त पुढे आला नसता. आमच्या मते चूक पासाची कमी आणि रचनेची जास्त. पुढच्या रिसीव्हरसमोर ब्राउनरसारखा धिप्पाड कॉर्नर प्रेसमध्ये दिसल्यावर स्टॅकमधून (एकामागे एक उभं राहण्याच्या रचनेतून) आत वळणारा रूट ठेवायला नको होता. लॉकेट एकटा बाहेर असता तर बटलरला त्याच्या समोर यावं लागलं असतं.

तुमच्या शाळेच्या संघाने ही नक्कल करू नये. कॉलेज आणि हायस्कूलच्या नियमांत लाइनच्या पुढे पासाआधी असं अडवलं तर ऑफेन्सिव्ह पास इंटरफिअरन्स (चढाई करणाऱ्या संघाने बेकायदा अडवणं) होतो, दंड 15 यार्ड.

प्रश्न: आम्ही पुण्यात पाच-पाच जणांचं फ्लॅग फुटबॉल (अंगावर न पडता कमरेची पट्टी ओढून थांबवायचा प्रकार) खेळतो. 2028 च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आल्यापासून मुलं-मुली वाढल्या आहेत. आखूड पासासाठी पहिली चाल कोणती शिकवावी?

उत्तर: स्टिक. फ्लॅगमध्ये सेंटरलाही पास घेता येतो, त्याचा फायदा घ्या. एका बाजूला दोन रिसीव्हर ठेवा. बाहेरच्याने सरळ खोल पळायचं, म्हणजे त्याच्यावरचा खेळाडू मागे निघून जातो. आतल्याने तीन यार्डांवर बाहेर, साइडलाइनकडे जायचं. सेंटरने स्नॅप देऊन पाच यार्डांवर त्याच बाजूला जायचं. समोर झोन असेल, म्हणजे बचावपटू माणसाऐवजी आपापली जागा राखत असतील, तर तिथेच क्वार्टरबॅककडे तोंड करून थांबायचं. मागे माणूस लागला असेल तर न थांबता बाहेर पळत राहायचं. क्वार्टरबॅकने आतल्या रिसीव्हरकडे कोण धावतो तेवढंच बघायचं. कुणी गेला तर सेंटरला पास, कुणी नाही गेला तर आतल्याला.

मैदानाची रुंदी 25 यार्डच असते. बाहेरचा रिसीव्हर साइडलाइनपासून तीन यार्डांवर आणि आतला त्याच्यापासून किमान पाच यार्ड आत हवा. दोघं जवळ उभे राहिले तर एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) सात यार्डांवरून येतो, तेव्हा पास दोन सेकंदांच्या आत सुटला पाहिजे. आणि सेंटरला आधी स्नॅप नीट द्यायला शिकवा, मग पळायला. सुरुवातीला ही चाल फसते ती बहुतेक वेळा तिथेच.