पट्टा काढताच कॅम उडाला? ऑप्ट्राचं टायमिंग पुन्हा बांधताना

अमळनेरच्या भाऊंची अडचण थोडक्यात अशी: शेवरोले ऑप्ट्रा १.६ पेट्रोल, टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम एका लयीत फिरवणारा दातेरी पट्टा) घरीच बदलायला घेतला. क्रँकची, म्हणजे पिस्टन वरखाली करणाऱ्या दांड्याची, खूण जुळवून पट्टा सोडवला आणि त्याच क्षणी एक कॅम, म्हणजे वॉल्व उघडणारा दांडा, टचकन फिरला. आता दोन्ही कॅमच्या खुणा समोरासमोर येत नाहीत. वॉल्व (इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) वाकले असतील का, आणि पुढे काय करायचं?

भाऊ, आधी पाना खाली ठेवा आणि बॅटरीची एक वायर काढून टाका, म्हणजे चुकूनही कोणी सेल्फ मारणार नाही. कॅम उडाला म्हणून लगेच वॉल्व वाकत नाहीत. कॅमचा फुगीर भाग वॉल्वच्या स्प्रिंगवर उतारावर टेकलेला असतो आणि इतका वेळ पट्ट्याने त्याला धरून ठेवलेलं असतं. पट्टा गेला की स्प्रिंग त्याला ढकलते, आणि ढकलते ती वॉल्व मिटायच्या बाजूला. वॉल्व वाकतात ते त्यानंतरच्या घाईत. माणूस चरकतो, पाना लावून कॅम जागेवर आणायला जातो, आणि खाली पिस्टन वर येऊन बसलेला असतो. या इंजिनात पिस्टन वर आणि वॉल्व उघडा असं एकाच वेळी झालं की दोघं एकमेकांवर आपटतात.

म्हणून कॅमला हात लावण्याआधी पिस्टन वाटेतून बाजूला करायचे. चारही स्पार्क प्लग काढा. क्रँक आत्ता खुणेवर आहे, म्हणजे १ आणि ४ नंबरचे पिस्टन अगदी वर, २ आणि ३ अगदी खाली. क्रँक पाव फेरा, म्हणजे ९० अंश, हळूच फिरवा. वरचे दोन खाली येतात, खालचे दोन वर येतात आणि चारही मधोमध थांबतात. आता वॉल्व कितीही उघडले तरी पिस्टनला लागत नाहीत. हेडचं (इंजिनाचा वरचा, वॉल्व असलेला भाग) वरचं झाकण काढलं की कॅमवर पाना बसायला षटकोनी जागा दिसेल. तिथे पाना लावून दोन्ही कॅम खुणेवर आणा आणि मग क्रँक त्याच वाटेने पाव फेरा मागे आणा. त्याच वाटेने, हे विसरू नका. पुढे तसंच फिरवत पाऊण फेरा घालून खुणेवर आणायला गेलात, तर मधे २ आणि ३ नंबर वर येतील आणि कॅम मात्र १ आणि ४ च्या हिशोबाने थांबलेले असतील. मग हेड उतरवायची वेळ येईल.

आता खुणांबद्दल, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण इथेच आहे. ऑप्ट्राच्या दोन्ही कॅमचे गिअर (पट्टा बसतो ती दातेरी चाकं) एकसारखे असतात, इकडचा तिकडे बसतो. त्यामुळे प्रत्येक गिअरवर दोन-दोन खुणा असतात, एक इनटेकची (हवा आत घेणारी बाजू) आणि एक एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणारी बाजू). इनटेक कॅमच्या गिअरवर इनटेकची खूण धरायची, एक्झॉस्टच्या गिअरवर एक्झॉस्टची. त्या दोन्ही मधोमध एकमेकींसमोर आल्या पाहिजेत. क्रँकच्या गिअरची खूण मागच्या कव्हरच्या तळाशी असलेल्या खाचेसमोर.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. मेहुण्याच्या शेवरोलेच्याच अॅव्हिओचा पट्टा मी पारोळ्याला भर मे महिन्यात बदलायला घेतला होता. पाने उन्हात ठेवलेले, हाताला चटके बसत होते. खुणा जुळवल्या, पट्टा चढवला आणि क्रँक हाताने फिरवायला लागलो, तर अर्ध्या फेऱ्याच्या आत पाना अडला. मला वाटलं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, असेल. पान्याला पाइप लावून जोर द्यायच्या बेतात होतो. शेजारच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री उभे राहून बघत होते. म्हणाले, "पाना आडना ना भो, आते थांब." प्लग तर बाहेर आहेत, मग कॉम्प्रेशन कुठलं? रॉकेलच्या फडक्याने त्यांनी गिअर पुसला. ग्रीस आणि कापसाच्या बोंडांची धूळ मिळून तिथे काळा थर बसला होता. खालून अक्षरं निघाली. एक्झॉस्टच्या गिअरवर मी इनटेकची खूण जुळवून बसलो होतो. पाइप लावला असता तर मेहुण्याचं घर मला कायमचं बंद झालं असतं. तेव्हा आधी गिअर चकचकीत पुसा आणि अक्षरं वाचा.

आधीच्या फिटरने व्हाइटनरने ओढलेल्या रेघा दिसतील. त्या तुमच्या कामाच्या नाहीत. त्या वेळी टायमिंग बरोबर होतं याची खात्री कोण देणार? त्याने एक दात चुकवला असेल तर तुम्ही ती चूकच इमानाने उतरवून घ्याल. क्रँकच्या गिअरला वीसेक दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश होतात. गाडी कदाचित चालेल, पण आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथरेल आणि चढावर मान टाकेल.

पट्टा चढवताना सुरुवात क्रँकपासून करा आणि ज्या बाजूला टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी चकती) नाही ती बाजू आधी ताठ ठेवत वर जा. इंजिन फिरताना क्रँक तीच बाजू ओढतो, ढिलाई टेन्शनरकडे जमते. ताठ बाजूला जरासा झोळ राहिला तर टेन्शन देताना तो झोळ निघतो आणि खूण सरकते. दोन गिअरच्या मधे बसणारं प्लॅस्टिकचं लॉक ऑनलाइन मिळतं, जरूर घ्या. नाहीतर पट्टा घालताना कॅम पुन्हा उडेल. बरेच जण इथेच हरतात, कारण तिसरा हात लागतो. या गाडीत टेन्शन वॉटर पंप फिरवून देतात. टेन्शनरचा काटा खाचेसमोर आला की पंपाचे बोल्ट आवळायचे. पंप तसाही उघडाच पडलेला असतो, तेव्हा पट्ट्यासोबत पंप, टेन्शनर आणि आयडलर (पट्ट्याला वाट देणारी मोकळी चकती) नवे घाला. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, त्यामुळे सुटे भाग आधी हातात येऊ द्या, मगच गाडी उघडी ठेवा. कॅमच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर तेही आत्ताच बदला, तेल लागलेला पट्टा लवकर खराब होतो.

मग क्रँक हाताने सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. दोन का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. गिअरच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत आणि टेन्शनरचा काटाही जागेवर हवा. नव्या पट्ट्यावर तुम्ही काही रेघा मारल्या असतील तर त्या जुळणार नाहीत, त्याने घाबरू नका. पट्ट्याचे दात आणि गिअरचे दात यांचा हिशोब बऱ्याच फेऱ्यांनी परत जुळतो.

जाताजाता, हीच रीत डस्टरच्या १.५ डिझेलला लावू नका. तिथे कॅम एकच, आणि तो व क्रँक दोन्ही पिना घालून जागेवर पकडतात.

दोन फेरे झाले की सेल्फ मारण्याआधी दोन्ही गिअरचा आणि क्रँकच्या खाचेचा अगदी समोरून काढलेला फोटो टाका. तिरक्या फोटोत एक दात कळत नाही.