बाप्तिस्म्याआधीच गेलेलं बाळ

प्रश्न : फादर, गणपतीच्या दिवसांत माझा मुलगा वेळेआधी जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी काचेच्या पेटीतच आम्हाला सोडून गेला. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवून तयार होता. सासूबाई म्हणतात, पाणी पडलं नाही म्हणजे तो लिंबोत, ना स्वर्ग ना नरक अशा जागी, देवाचं मुख त्याला कधीच दिसायचं नाही. नवरा म्हणतो, तो देवदूत झाला, विषय बंद. चर्चमध्ये विचारलं तर म्हणाले, ‘देवाच्या दयेवर सोडा.’ मला सोडायचं नाहीये, समजून घ्यायचंय. आणि वॉर्डातल्या नर्सने पाणी घातलं असतं तरी चाललं असतं, हे खरं का?
– एक आई, मरोळ

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण रात्रीची झोप तोच उडवत असणार. हो, खरं आहे. जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्स ख्रिस्ती नसली तरी. ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरायचा, डोक्यावर पाणी घालायचं, ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते’ म्हणायचं. पण ही सोय अडचणीत दार उघडं राहावं म्हणून आहे. तिच्या आधारे तुमच्यावर आरोपपत्र काढायचा हक्क कुणाला नाही, तुम्हालासुद्धा नाही. आम्ही धर्मगुरू लग्नाच्या तयारीत जोडप्यांना शंभर गोष्टी सांगतो आणि नेमकी हीच सांगायची राहते.

आता लिंबो. सासूबाईंनी हे मनाने रचलेलं नाही. पाचव्या शतकात, आदिपाप म्हणजे माणसाला जन्मतःच लागलेलं पाप नाकारणाऱ्या पेलाजियसच्या मतांशी झगडताना संत ऑगस्टिन फार टोकाला गेले : आदिपाप सगळ्यांना, सुटका बाप्तिस्म्यानेच, म्हणून बाप्तिस्मा न झालेली बाळंही नरकात, फक्त शिक्षा सगळ्यांत सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांच्या हे गळी उतरेना. त्यांनी लिंबो मांडला. तिथे यातना नाहीत, निसर्गतः मिळणारं सुखही आहे, फक्त देवदर्शन नाही. म्हणजे आज तुम्हाला जे क्रूर वाटतं, ते त्या काळी मन द्रवून केलेलं होतं! शतकानुशतकं ते शिकवलं गेलं, पण श्रद्धेचा सिद्धांत म्हणून ख्रिस्तसभेने ते कधीच जाहीर केलं नाही.

व्यवहार मात्र कडक होता. १९१७च्या धर्मकायद्यात अशा बाळांना ख्रिस्ती अंत्यविधीच नव्हता. एका २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत कबरी आशीर्वादित करत होतो. सगळीकडे झेंडू आणि मेणबत्त्या. एक म्हातारी मात्र कुंपणाच्या भिंतीपाशी, जिथे ना क्रूस ना पाटी, तिथल्या गवतात मेणबत्ती खोचत होती. वाऱ्याने विझली की पुन्हा लावायची. ‘माझा पयला इथंच कुठंतरी हाय,’ एवढंच म्हणाली. तुमच्या सासूबाईंची पिढी हे पाहत वाढली. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचंही कुणी त्या भिंतीपाशी नसेलच असं नाही.

आज आपण कुठे आहोत? ख्रिस्तसभेच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १२६१) लिंबोचं नावही नाही. ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ हे मार्कच्या शुभवर्तमानातलं प्रभूचं वाक्य पुढे करून तिथे म्हटलंय, अशा बाळांना तारणाची वाट आहे, अशी आशा धरता येते. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच प्रश्नावर अख्खा दस्तऐवज काढला. निष्कर्ष तोच : आशेला भक्कम आधार आहे, पण खात्रीचं ज्ञान आपल्याला दिलेलं नाही. ‘पाण्याने आणि आत्म्याने’ जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे योहान ३:५ मधलं वाक्य त्यांनी खोडलं नाही. पण सर्व माणसांचं तारण व्हावं, ही देवाची इच्छा पौलाने तीमथ्याला लिहून ठेवलीय, तीही खोडता येत नाही. बाळ येशूला संपवायच्या नादात हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळं कुठल्या पाण्याने न्हाली होती? त्यांना तर आपण २८ डिसेंबरला संत म्हणून आठवतो. ती ख्रिस्तापायी मेली, हा फरक आहे, मान्य. तरीही पाण्यावाचून देवाचा हात पोहोचतो, एवढं त्यातून दिसतंच.

मग बाप्तिस्मा हवा कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याच ग्रंथात चार परिच्छेद आधी उत्तर आहे : देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलं, स्वतःला मात्र संस्कारांनी बांधून घेतलं नाही. नियम आपल्यासाठी आहे, म्हणून पुढचं बाळ झालं की उशीर करू नका. ‘दयेवर सोडा’ हे याच वाक्याचं घाईत चुरगळलेलं रूप. आणि तुमच्या यजमानांना प्रेमाने सांगा, माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत. तो माणूसच आहे, तुमचा मुलगा.

तो स्वर्गात आहे, असं मी छातीठोक सांगणार नाही. तो अधिकार मला नाही. आशा मात्र मी रोज धरतो, आणि नुसती सांत्वनापुरती नाही.

एक काम करा. १९८३च्या धर्मकायद्यात कलम ११८३ आहे : आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मनोदय असेल, तर बिशपांच्या परवानगीने अशा बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. तुमचा मनोदय तर शिवून तयार होता. दफन झालेलं असलं तरी त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रार्थनाविधी, सांगता येते. पॅरिशच्या ऑफिसात कुणी का-कू केलं, तर कलमाचा आकडा सांगा. जाताना सासूबाईंनाही घेऊन जा.