रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?

कोलेस्टेरॉलबद्दल तेच ते गैरसमज प्रश्नांतून पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या वेळी फक्त तेवढेच प्रश्न घेतले आहेत. रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्सचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

प्रश्न : लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, उपाशीपोटीच करावी लागते का?

बहुतेकांना नाही. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) 400 च्या वर आली तर उपाशीपोटी पुन्हा करा, कारण तेव्हा सूत्राने काढलेला एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा भरवशाचा राहत नाही.

प्रश्न : माझं एकूण कोलेस्टेरॉल 210 आहे. गोळी लागेल का?

एवढ्यावरून कुणीही सांगू शकत नाही. एकूण आकड्यात चांगलं-वाईट सगळं एकत्र मोजलेलं असतं. एलडीएल बघा, आणि एकूणातून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करून उरणारा नॉन-एचडीएल बघा. मग वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, किडनीचा आजार आणि घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला होता का, हे सगळं धरून डॉक्टर ठरवतील. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली 'नॉर्मल रेंज' सरसकट सगळ्यांसाठी असते. एकदा अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल 70 च्या खाली, बऱ्याचदा 55 च्याही खाली हवं असतं. त्याचं 95 आलं तर त्या रकान्यात ते नॉर्मल दिसतं, पण त्याच्यासाठी ते जास्तच आहे.

प्रश्न : डॉक्टर, सहा महिने रोज ॲटोरव्हास्टॅटिन 40 घेतली. एलडीएल 168 वरून 84 वर आलं. शेजारी म्हणाले, 'रिपोर्ट नॉर्मल आहे, आता कशाला? या गोळ्यांची सवय लागते, लिव्हर जातं.' तीन आठवड्यांपासून बंद केली आहे. काही त्रास नाही. चालेल ना?

नाही, चालणार नाही. सर्वांत जास्त नुकसान याच एका गैरसमजातून होतं, म्हणून सविस्तर सांगणं भाग आहे.

84 हा आकडा गोळीमुळे आला आहे. आजार बरा झाला म्हणून आलेला नाही. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं आणि स्टॅटिन, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या गोळ्या, त्या कामातलं एक एन्झाइम अडवतात. यकृताला आतून पुरवठा कमी पडला, की ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की हे रिसेप्टर पुन्हा कमी होतात आणि काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी जाऊन बसतं. तुमचं आत्ता बहुधा तेच चाललं आहे.

त्रास नाही म्हणता, तो होणारच नाही. एलडीएल वाढलेलं जाणवत नाही. धमनीच्या भिंतीत ते वर्षानुवर्षं साचत राहतं, आणि अनेकांना पहिली खूण कळते ती थेट छातीत दुखायला लागल्यावर.

सवयीचं म्हणाल तर, सवय म्हणजे औषध मिळालं नाही की तगमग होणं आणि मात्रा वाढवतच न्यावी लागणं. स्टॅटिनमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. लिव्हरसाठी सुरुवातीला रक्तातलं एएलटी हे यकृताचं एन्झाइम बघतात. ते वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त वाढून तसंच राहिलं, तर डॉक्टर गोळीचा फेरविचार करतात. थोडंसं वाढणं किंवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसणं, हे गोळी सोडण्याचं कारण नाही. काहींची साखर किंचित वाढते, हे खरं आहे. पण ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठी फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात 4,444 हृदयरुग्ण होते. सुमारे पाच वर्षांत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूंचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांनी कमी दिसलं. एलडीएल साधारण 39 ने उतरलं, की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात, आणि गोळी जितकी वर्षं चालू राहील तितका हा फायदा वाढतो.

आता काय करायचं? आजच डॉक्टरांना फोन करा आणि तीन आठवडे बंद होती हे स्पष्ट सांगा. बंद असताना तपासणी केलीत, तर रिपोर्टच्या कोपऱ्यात 'गोळी बंद' असं पेनाने लिहा, नाहीतर पुढे कुणीतरी तो आकडा गोळी चालू असतानाचा समजून डोस वाढवेल. पुन्हा सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांत तपासणी करा. एक दिवसाआड घेणं, अर्धी मोडून घेणं हे प्रयोग मनाने करू नका. डोस कमी होऊ शकतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

प्रश्न : गोळी सुरू केल्यापासून मांड्या दुखतात.

दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे असं दोन्हीकडे दुखत असेल, आणि सुरुवात गोळीनंतर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत झाली असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. एकच गुडघा दुखत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. 2020 च्या एका अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला 90 टक्के दुसऱ्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण ते बहुतांशी औषधातून आलेलं नव्हतं.

डॉक्टर रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि थायरॉइड तपासतील. गरज पडली तर वेगळं स्टॅटिन, कमी डोस, सोबत इझेटिमाइब (कोलेस्टेरॉल कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी) किंवा इंजेक्शन असे पर्याय आहेत. मात्र स्नायूंत जोर राहिला नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं, तर सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा. ग्रेपफ्रूटचा रसही या दोन्हींबरोबर टाळा.

प्रश्न : 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं तेल घेतो. ते ठीक आहे ना?

वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात दखल घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. जे मुळात नाहीच, ते नसल्याची जाहिरात म्हणजे ग्राहकाची सरळ फसवणूक आहे. बाटली उलटी करा आणि 100 ग्रॅममागे सॅच्युरेटेड फॅट किती ते वाचा. नारळाच्या तेलात 80 ग्रॅमपेक्षा जास्त, पामतेलात जवळपास निम्मं. एलडीएल वाढतं ते मुख्यतः यानेच. पाकिटबंद खाण्याच्या घटकांत 'हायड्रोजनेटेड' शब्द दिसला तर ते ठेवून द्या, समोर 'ट्रान्स फॅट शून्य' कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो.

प्रश्न : ओट्सने कोलेस्टेरॉल उतरतं का?

थोडं. ओट्समधला बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू रोज 3 ग्रॅम पोटात जायला हवा, म्हणजे सुमारे 75 ग्रॅम कोरडे ओट्स. त्याने एलडीएल साधारण 5 टक्के उतरतं. ओट्सच्या बिस्किटांनी हे साधत नाही.

प्रश्न : गोळीऐवजी 'नैसर्गिक' रेड यीस्ट राइसची कॅप्सूल घेऊ का?

घेऊ नका. त्यातलं मोनाकोलिन के हे द्रव्य आणि लोव्हास्टॅटिन हे औषध रासायनिकदृष्ट्या एकच आहे. म्हणजे स्टॅटिनच घेणार, फक्त डोस किती ते माहीत नसलेलं, आणि काही उत्पादनांत किडनीला घातक सिट्रिनिनही सापडलं आहे. आधीच गोळी चालू असेल तर दुप्पट धोका.

प्रश्न : रात्रीची गोळी विसरली तर सकाळी दोन घेऊ?

दोन कधीच नाही. पुढची एक, नेहमीच्या वेळी.

प्रश्न : गरोदरपणाचा विचार आहे. गोळी चालू ठेवू?

प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. बहुतेकींची बंद केली जाते.

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा, एलडीएल 205. त्याच्या वडिलांना 46 व्या वर्षी अटॅक आला होता. मुलगा सडपातळ आहे, व्यायाम करतो. चाळिशीनंतर बघू का?

एकही महिना थांबू नका. 190 च्या वरचं एलडीएल आणि वडिलांचा लवकर आलेला अटॅक, म्हणजे आनुवंशिक प्रकाराचा संशय घ्यायलाच हवा. तो साधारण 250 माणसांत एकाला असतो. सडपातळ असल्याने किंवा धावल्याने तो जात नाही, कारण यकृताची एलडीएल पकडण्याची ताकदच जन्मापासून कमी असते. म्हणजे त्याच्या धमन्या आत्ताच 24 वर्षं हे सोसत आल्या आहेत. डॉक्टरांना टाचेमागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी) जाड झाली आहे का ते बघायला सांगा, आणि थायरॉइडची तपासणी सोबत करून घ्या. आई-वडिलांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे त्याच्या भावंडांचीही लिपिड प्रोफाइल याच आठवड्यात करून घ्या, आणि सगळे रिपोर्ट एकत्र घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.