पहिला डोस झाला, पुढची तारीख कुठली?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मुलाने कोल्हापूरहून लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं. अडीच महिन्यांचं आहे, नाव बंड्या. विकणारा म्हणाला, दीड महिन्याचं असताना इंजेक्शन दिलंय, आता वर्षभर बघायला नको. कार्डावर पेनाने नुसती तारीख लिहिली आहे. आमचं घर भाताच्या मळ्याला लागून, बंड्या दिवसभर अंगणात असतो. खरंच वर्षभर थांबायचं का?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : नाही, थांबू नका. हा अंक हातात पडला की त्याच आठवड्यात बंड्याला दवाखान्यात न्या.

जन्मल्या दिवशी पिल्लू आईचा चीक पितं, त्यातून आईची रोगप्रतिकारशक्ती त्याच्या अंगात उतरते. ती पिल्लाला राखते, पण आपण दिलेली लसही तीच निकामी करते. ती ओसरायला एखाद्या पिल्लाला ८ आठवडे लागतात, एखाद्याला १४. एकाच वेतातल्या दोन भावंडांचंही सारखं नसतं आणि वरून बघून कुणालाच ते कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत जायचं आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. बंड्याच्या त्या एका इंजेक्शनाचा उपयोग झाला असेल किंवा नसेलही. मी तरी ते हिशेबात धरणार नाही.

एक पिल्लू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ऐन लावणीत एक आजी त्याला भाजीच्या टोपलीत घालून घेऊन आल्या. वरचं फडकं उचललं आणि वास आला. पार्वो, म्हणजे ही लस ज्यापासून वाचवते तो पिल्लांचा विषाणूचा रोग. त्याच्या रक्ताच्या जुलाबाचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. पिल्लू उभं राहत नव्हतं, पण हाक मारली तशी शेपटीचं टोक तेवढं हललं. चार दिवस सलाईन लावलं, पाचव्या दिवशी पहाटे ते गेलं. कार्ड पाहिलं तर दुसऱ्या डोसची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. “लावणी चालू होती, राहून गेलं,” आजी म्हणाल्या. मी त्यांना काय बोलणार? त्या दिवसांत आमच्याकडे माणसांची औषधंही राहून जातात. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, पुढची तारीख कार्डावरच नको, कालनिर्णयावर लिहा. दुधाचा खाडा मांडता ना, तिथेच.

त्या आजींना मी आणखी एक सांगितलं होतं, ते तुम्हालाही सांगते. पार्वोचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि फिनेलने मरत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ करावी, मग एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून ती दहा मिनिटं ओली ठेवावी. तुमच्या अंगणात पूर्वी एखादं कुत्रं जुलाबाने दगावलं असेल, तर बंड्याचे डोस होईपर्यंत त्याला पडवीतच ठेवा. मात्र कोंडून घालू नका. कडेवर घेऊन रस्त्यावर न्या, एसटीचा आवाज ऐकू दे, माणसं बघू दे.

आता कार्डाविषयी. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर हवं, बॅच नंबर आणि मुदत दिसणारं, आणि शेजारी डॉक्टरांची सही हवी. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली नाही तर ती नुसतं पाणी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या दवाखान्याचा फ्रीजही पाण्याखाली गेला होता. काही बाटल्या वरून कोऱ्या करकरीत दिसत होत्या, तरी सगळ्या टाकून दिल्या. पेनाने लिहिलेली तारीख ती लस कुठल्या फ्रीजमधून आली हे सांगत नाही.

तुमच्या मळ्यामुळे लेप्टोची लस चुकवू नका. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात जगतात, कुत्र्याच्या पायाच्या बारीक चिरांतून आत शिरतात, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतात. या लसीचे सुरुवातीला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि तिचा असर साधारण वर्षभरच टिकतो. म्हणून दरवर्षीचा डोस मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत घ्या. ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी आणा, आणि त्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, महिन्याने पुन्हा एक, नंतर दरवर्षी. यात तडजोड नाही, कारण लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर उपचारच नाही.

प्रश्न : आमच्या कुत्र्यासाठी आणलेले गोचिडांचे, मानेवर टाकायचे थेंब उरले आहेत. मांजरीला पिसवा झाल्यात. निम्मे टाकले तर चालेल का? ती चौथ्या मजल्यावर राहते, घराबाहेर जात नाही. तिला लसही लागते का?
– एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, एक थेंबही टाकू नका. कुत्र्याच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्रा ते पचवतो, मांजरीच्या यकृताला ते जमत नाही. माझ्याकडे अशी एक आली होती : कान फडफडत होते, पाठीची कातडी लाटेसारखी हलत होती, तोंडातून फेस. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतली, रात्रभर झटक्यांचं औषध दिलं. ती वाचली, पण सगळ्याच वाचत नाहीत. डब्यावर मांजराचं चित्र आणि वजन असेल तेच औषध आणा. कुत्र्याला असले थेंब टाकले असतील, तर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजरीला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका. आणि माणसाची पॅरासिटामॉल तिला कधीच नको, एक गोळी जीव घ्यायला पुरते.

लस लागतेच. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू तुमच्या चपलेवरून चौथ्या मजल्यावर येतो. त्याची आणि सर्दीच्या दोन विषाणूंची मिळून एकच लस असते. रेबीजची वेगळी. दार उघडं राहून मांजर एक रात्र बाहेर गेली, असं सांगणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात.

प्रश्न : कुत्र्याच्या शीमध्ये जंत दिसत नाहीत. तरी औषध द्यायचं का? सासूबाई लसूण चारतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : द्यायचं. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पिल्लांना तर जंत आईच्या पोटातच मिळतात. तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, मग दर तीन महिन्यांनी. घरात रांगतं मूल असेल तर तारीख मुळीच चुकवू नका. ती अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात. लसूण मात्र आजपासून बंद. लसूण आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सासूबाईंनी मायेनेच दिला, त्यांना तसंच समजावून सांगा.

औषध वजनावर द्यायचं, अंदाजाने नाही. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि दोन्हीतला फरक चिठ्ठीवर लिहून दवाखान्यात आणा.