आधी सावलीची कड पकडा
देवळाचं कोरीवकाम रेखाटायचंय? हिवाळ्यात सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात सकाळी लवकर जा आणि दक्षिणेच्या भिंतीसमोर बसा. ऊन भिंतीला घासून जातं, त्यामुळे अगदी उथळ कोरलेला उठावसुद्धा उचलून दिसतो. मूर्तीची बाह्यरेषा काढत बसू नका. आधी सावलीची कड एका दमात आखा, कोपऱ्यात वेळ लिहा, गडद भाग नंतर भरा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. वीस मिनिटांनंतरची सावली त्याच चित्रात मिसळली की उठावाची खोली खोटी पडते. सरळ नवा कागद घ्या.

कड मात्र निरखून बघा: उठावाला लगटून पडलेली सावली धारदार, लांब पडलेली विरलेली. छिन्नी किती खोल गेली आहे, ते इथेच कळतं.

आपला बेसाल्ट, म्हणजे इथला कातळ, काळा; पांढऱ्या कागदावर हमखास फिका उतरतो. करडा कागद आणि कोळसा वापरा. खडू फक्त उन्हातल्या कंगोऱ्यांना.